किती दिवसांचं काम?

प्रकल्प अहवालात 'अपेक्षित रोजगार निर्मिती' असा एक रकाना होता. सल्लागारानं पाठवलेल्या मसुद्यात तिथे 62 हा आकडा होता. आमचं हळद प्रक्रिया केंद्र उभं राहिलं की 62 जणांना काम मिळणार. मला तो आकडा फार आवडला होता. संचालकांच्या बैठकीत मी तो वाचून दाखवला आणि त्याच संध्याकाळी मारुतीच्या मंदिरात बचत गटाच्या बायका जमल्या, तेव्हा त्यांनाही सांगितला. 2021 चा ऑगस्ट होता, बाहेर पाऊस चालू होता. खांबाला टेकून बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "बासष्ट म्हणता ताई, पर किती दिवस?"

मला उत्तर देता आलं नाही. अहवालात दिवसांचा रकाना नव्हता.

मी वसमत तालुक्यात सून म्हणून आले ती कृषी पदवी घेऊन. काही वर्षं शाळेत शिकवलं, मग गावातल्या शेतकऱ्यांनी उत्पादक कंपनी काढली तेव्हा तिचं कामकाज बघायला लागले. कंपनी म्हणजे चारशेच्या वर सभासद, बहुतेक दोन ते पाच एकरवाले, आणि बाजार समितीच्या रस्त्यावर भाड्यानं घेतलेली एक खोली. सरकारी मदत मिळवणं हे माझं काम असेल असं कुणी सांगितलं नव्हतं. पण पुढची चार वर्षं मी मुख्यतः तेच केलं.

हिंगोली जिल्हा 1999 मध्ये परभणीतून वेगळा झाला. राज्याच्या 2013 च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत गडचिरोलीबरोबर आमचीही नोंद 'विनाउद्योग जिल्हा' अशी होती. मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्याबाहेर कारखाने जावेत म्हणून राज्यानं प्रोत्साहन योजना सुरू केली ती 1964 मध्ये. तेव्हापासून तिच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या, आणि मागास भागाला सवलत जास्त हे सूत्र प्रत्येक आवृत्तीत कायम राहिलं. तरीही विनाउद्योग हा शब्द मला पटत नाही. फेब्रुवारीत वसमतहून औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यानं या. दोन्ही बाजूंना हळद शिजत असते, वाफेचा तो मातकट, किंचित कडवट वास गाडीच्या काचा बंद केल्या तरी आत येतो. पाला कापणं, हळद उकरणं, गड्ड्यापासून कांड्या मोडून वेगळ्या करणं, कुकरमध्ये शिजवणं, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवणं, ढोलात घालून पॉलिश करणं. ओली चार-साडेचार क्विंटल काढावी तेव्हा वाळलेली एक क्विंटल हाती लागते. एवढं काम जिथे होतं तिथे उद्योग नाही कसा? उद्योग आहे. पण वाळलेली कांडी पोत्यात भरली की आमचा संबंध संपतो. ती सांगलीला जाते, परराज्यात जाते, तिथे दळली जाते, तिथे डब्यात भरली जाते. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन आहे. पण दळण्याची आणि भरण्याची मजुरी कुठल्या गावात पडते ते मानांकनात लिहिलेलं नसतं.

म्हणून केंद्र हवं होतं. वाफेचा बॉयलर, पॉलिशचा ढोल, दळायची यंत्रं, पॅकिंगची खोली आणि गोदाम. राज्याच्या ज्या योजनेत आम्ही अर्ज केला तिच्यात खर्चाच्या 60 टक्के अनुदान होतं. उरलेले 40 टक्के आमचे, त्यातले 10 सभासदांच्या भागभांडवलातून आणि 30 बँकेच्या कर्जातून. कागदावर हे प्रमाण फार उदार दिसतं, आणि आहेही. मी अनुदानाविरुद्ध बोलणारी नाही. साठ टक्के नसते तर आमच्यासारख्या कंपनीनं बॉयलरचं माहितीपत्रकसुद्धा मागवलं नसतं.

अडचण साठ टक्क्यांत नव्हती, ती ते मिळण्याच्या क्रमात होती. आधी आमचा हिस्सा जमा झालेला दाखवायचा, बँकेचं कर्ज मंजूर झालेलं दाखवायचं, त्यातून काम सुरू झालेलं दाखवायचं, आणि मग तपासणी होऊन हप्ता. दहा टक्क्यांसाठी आम्ही घरोघर फिरलो. तूर विकल्यावर देतो म्हणणारे खरंच तूर विकल्यावर आले. एका आजोबांनी हजाराचे दोन शेअर घेतले आणि पावती देवघरात ठेवली. ती पावती मला पुढे फार आठवत राहिली, कारण त्यानंतर चौदा महिने आमच्या जागेवर खांबसुद्धा उभा राहिला नाही.

ते चौदा महिने बँकेत गेले. कृषी पायाभूत सुविधा निधी 2020 मध्ये आला, त्यात 2 कोटींपर्यंतच्या कर्जाला 3 टक्के व्याजसवलत आणि पतहमीची सोय आहे. आम्हाला तारण द्यावं लागणार नाही असं समजून आम्ही निर्धास्त होतो. शाखेत मात्र दोन संचालकांच्या जमिनीचे सातबारे मागितले गेले. तेवढ्या काळात शाखेत तीन व्यवस्थापक आले आणि प्रत्येकानं फाईल पहिल्या पानापासून पाहिली. एकेकटा माणूस वाईट नव्हता. पण हळदीच्या धंद्यात माल कधी येतो आणि पैसा कधी सुटतो हे एकाला समजावून होईपर्यंत त्याच्या बदलीचं पत्र यायचं. शेवटी दोन संचालकांनी सातबारे दिले. एकाची बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

कागदांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ज्यांनी हे केलंय त्यांना ती माहीत आहे. भाडेपट्टा नोंदणीकृत हवा. अकृषिक परवानगी हवी. प्रत्येक यंत्राची तीन कोटेशनं हवीत. त्रुटी निघते, पूर्तता करायची, पूर्ततेवर त्रुटी निघते. विजेसाठी वेगळी डीपी हवी, ती सर्वांत शेवटी आली.

या सगळ्यात मावशींचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. एका रात्री मी जेवणं उरकल्यावर वहीत रेघा मारल्या. वर बारा महिने आणि डावीकडे कामं लिहिली. निवड, शिजवणं, वाळवणं, पॉलिश या कामांना चाळीसेक बायका लागणार होत्या, पण फेब्रुवारी ते एप्रिल एवढ्याच काळात, फार तर पन्नास दिवस. दळण आणि पॅकिंगला दहा-अकरा माणसं, पण ती वर्षभर चालू शकणारी. उरलेले आकडे सल्लागारानं ड्रायव्हर, हमाल, हिशेबनीस असे धरले होते. त्यात खोटं काहीच नव्हतं. सगळी माणसं खरोखर लागणार होती. फक्त पन्नास दिवस येणारी बाई आणि तीनशे दिवस येणारा माणूस या दोघांची गणती त्या रकान्यात एकेक अशीच होत होती.

सासूबाई शेजारी बसून शेंगा फोडत होत्या. त्या 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्या होत्या. त्यांना विचारलं, तेव्हा हजेरी कशी लागायची? त्या म्हणाल्या, "दिसाची. किती दिस आलीस तेवढे पैसे." मला एकदम लख्ख दिसलं. रोजगार मोजायची बरोबर पद्धत याच महाराष्ट्रात होती. रोजगार हमीचा कायदा राज्यानं 1977 मध्ये केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता. पैसा उभा करायला व्यवसाय कर बसवला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेल्या रकमेवर दुष्काळी गावातली मजुरी निघू लागली. त्या योजनेत आणि पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्यातही हिशेब दिवसांचा होता. किती मनुष्यदिवस काम निघालं, हे तिथे पहिल्या रांगेत यायचं. त्या योजनेत दोष होते, ते सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. पण तिथे एका बाईच्या कामाचं माप तिच्या आयुष्याशी जुळत होतं. उद्योगाच्या अनुदानात मात्र आपण माणसं मोजतो, आणि त्या माणसांचं वर्ष मोजायचं राहून जातं.

सादरीकरणाला मी तो तक्ता घेऊन गेले. समितीसमोर दहा मिनिटं मिळतात, त्यातली चार मी त्यावर घालवली. एका अधिकारी बाईंनी तो हातात घेऊन नीट पाहिला. त्या म्हणाल्या, संगणकात भरायला यासाठी जागा नाही, पण जोडपत्र म्हणून लावा, मी शेरा लिहिते. प्रकल्प मंजूर झाला तो त्या तक्त्यामुळे असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी कुणीतरी तो वाचला.

2023 च्या फेब्रुवारीत केंद्र सुरू झालं. पहिल्या दिवशी बॉयलरची पूजा झाली, आजोबा आले होते. निवडीच्या ओट्यावर चाळीस बायका बसल्या. सावली, प्यायचं पाणी, स्वच्छतागृह आणि रोजची हजेरी या चार गोष्टी त्यांना हळदीच्या कामात पहिल्यांदाच एका जागी मिळत होत्या. दीड महिना शेड गजबजलेलं होतं. एप्रिलमध्ये दळण सुरू झालं. जून संपता संपता बंद पडलं.

यंत्रं ठीक होती, माणसंही तयार होती. हळद संपली होती.

त्याचं गणित साधं आहे. दिवसाला पाच क्विंटल दळायचं म्हटलं तर दोनशे दिवसांना हजार क्विंटल सुकी हळद लागते. ती फेब्रुवारी ते मे या हंगामातच विकत घेऊन ठेवावी लागते. तेव्हा वसमतला भाव क्विंटलला सहा-सात हजारांच्या घरात होता, म्हणजे साठ-सत्तर लाखांचा माल. योजनेनं आम्हाला भिंती दिल्या, छप्पर दिलं, यंत्रं दिली. त्या यंत्रांत घालायच्या मालासाठी तिच्यात एक रुपया नव्हता. खेळतं भांडवल हे तुमचं तुम्ही बघा असा सगळ्याच योजनांचा रिवाज असतो. बँकेनं रोखपत मंजूर केली ती अहवालात धरलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्शाएवढी, कारण नव्या कंपनीला तीन वर्षांचे ताळेबंद नव्हते. शिवाय मसाला कंपनीला माल दिला की पैसे दीड-दोन महिन्यांनी येणार. शेतकरी तेवढं थांबू शकत नाही, त्याला पेरणी आहे, लेकीचं लग्न आहे. व्यापारी संध्याकाळी रोख देतो. आमचे स्वतःचे सभासद आमच्या दारावरून हळद घेऊन बाजारात गेले आणि मी त्यांना अडवू शकले नाही.

आणि जुलैपासून भाव उसळले. पावसाळा संपेपर्यंत तीच हळद दुपटीवर गेली. ज्याच्याकडे साठा होता तो तरला. आमच्या गोदामात रिकाम्या गोण्या होत्या, आणि भिंतीवर योजनेचा फलक होता. त्या काळात एक पथक तपासणीला आलं. इमारत मोजली, यंत्रांचे क्रमांक जुळवले, फोटो घेतले. सगळं बरोबर भरलं. शेड बंद का आहे हे त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांच्या तपासणीपत्रकात तो प्रश्नच नव्हता.

सप्टेंबरात त्याच मावशी मला बाजारात भेटल्या. त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात, दोघं मिळून एक कोयता. मुकादम उचल घेऊन गावात आला होता. त्या म्हणाल्या, "ताई, मुकादम दसऱ्याच्या आधी पैसे हातावर ठेवतोय. तुमचं शेड कवा चालू व्हतंय अन् कवा बंद पडतंय, ते तवाच सांगत जा. मंग आम्हाला ठरवता येतंय."

गेल्या चार वर्षांत अनुदान या विषयावर मी जे काही ऐकलं, त्यात याइतकं नेमकं बोलणं दुसरं नाही. मुकादम आधी देतो, सरकार नंतर देतं. उचलीच्या व्यवस्थेत किती पिळवणूक आहे हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. कर्ज फिटत नाही, पुढच्या वर्षीचा हंगाम आधीच विकला जातो, लेकरांची शाळा सुटते. तरी माणसं जातात, कारण पैसा गरजेच्या वेळी येतो आणि काम किती महिने चालेल हे ठाऊक असतं. आमचं केंद्र या दोन्ही बाबतींत मुकादमाच्या मागे होतं. त्याच्याशी स्पर्धा करायची तर भिंतींची लांबी वाढवून भागणार नव्हतं.

2024 च्या हंगामाआधी आम्ही एकच गोष्ट ठरवली. नवा अर्ज करायचा नाही, आहे ते चालवायचं. वखार पावतीवर कर्ज मिळतं हे मला पुस्तकातून माहीत होतं, प्रत्यक्ष कुणी केलेलं पाहिलं नव्हतं. बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना राज्यात 1990-91 पासून आहे, सहा महिने मुदत आणि 6 टक्के व्याज. राज्य वखार महामंडळाच्या गोदामाच्या पावतीवरही बँक कर्ज देते. आम्ही साठेक सभासदांना समजावलं: हळद वखारीत ठेवू, किमतीच्या साधारण 70 टक्के रक्कम तुम्हाला लगेच मिळेल, उरलेली विक्री झाल्यावर. महिन्याला दळायला लागतील तेवढीच पोती पैसे भरून सोडवायची, हळदपूड विकून आलेल्या पैशातून पुढची सोडवायची. सभा चार तास चालली. एका शेतकऱ्यानं विचारलं, भाव पडला तर? मी म्हणाले, पडू शकतो. तो म्हणाला, मग अर्धीच ठेवतो. त्यानं अर्धी ठेवली आणि ते शहाणपणाचं होतं.

व्याज जातं, वखारीचं भाडं जातं, हमाली दोनदा लागते. नफा फार उरत नाही. पण त्या वर्षी दळण जूनला थांबलं नाही. दिवाळीच्या आठवड्यातही पॅकिंगच्या खोलीत दिवे चालू होते.

आता इतर तालुक्यांतले तरुण आमचं केंद्र बघायला येतात. कुणी पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून 35 टक्क्यांचं बघत असतो, कुणी मुख्यमंत्री रोजगार निर्मितीतून. कुठलं अनुदान जास्त, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मी त्यांना आधी वहीचं एक पान देते आणि बारा महिन्यांच्या रेघा मारायला सांगते. कोणत्या महिन्यात माल येणार, कोणत्या महिन्यात पैसा जाणार, कोण किती दिवस कामावर असणार. पान भरल्यावर काही जणांचा प्रकल्प निम्म्यावर येतो. काहींना यंत्र एक पुरे असतं आणि साठ्यासाठी पैसा तिप्पट लागणार असतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बचत गटाच्या सभासदाला 40 हजारांपर्यंत बीजभांडवल आहे, ते खेळत्या भांडवलाला आणि लहान अवजारांना वापरता येतं. अनुदानाच्या सगळ्या कलमांत मला ते सर्वांत समंजस वाटतं आणि त्याबद्दल सर्वांत कमी विचारलं जातं.

मंत्रालयात किंवा आयुक्तालयात बसून जे अर्जाचे नमुने तयार करतात त्यांना माझी विनंती आहे. रोजगाराच्या रकान्याशेजारी एक रकाना वाढवा: वर्षातले दिवस. तपासणीपत्रकात एक ओळ वाढवा: मागच्या बारा महिन्यांत केंद्र किती दिवस चाललं. आणि मंजूर रकमेचा एक भाग, लहान का असेना, हंगाम सुरू होण्याआधी पोचेल असा ठेवा. यासाठी नवी योजना लागत नाही.

मावशींचा मुलगा आणि सून याही वर्षी कोयत्यावर गेले आहेत. मावशी पॅकिंगला येतात, नात शाळा सुटली की दुपारी त्यांच्याजवळ येऊन बसते. गेल्या हंगामात आमच्याकडे 11 जणांना 214 दिवस काम मिळालं आणि 38 बायकांना 52 दिवस. यंदाच्या वार्षिक अहवालात हे चार आकडे आम्ही पहिल्या पानावर छापले आहेत, 62 कुठेही लिहिलेलं नाही.